गंगथडीचा हिवाळा: नांदूरमध्यमेश्वर कधी आणि कसं बघावं?

थडीची लेक

दिवाळीचा फराळ संपता संपता मला फोन यायला लागतात. "तुझ्या माहेरचे पक्षी आले का गं?" मी दरवर्षी प्रत्येकाला सगळं सांगते. तरी कुणीतरी मे महिन्याच्या सुट्टीत भर दुपारी मुलाबाळांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जातं आणि "काहीच नव्हतं तिथे" म्हणत परत येतं. मला ते फार लागतं. म्हणून यंदा धागाच काढते आहे. ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला, माझं कुठे चुकलं तर सांगा.

माझं माहेर निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. आमच्याकडे नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. "गंगेवर गेलाय", "गंगेला पाणी आलंय" असं. थडी म्हणजे काठ, म्हणून हा मुलूख गंगथडीचा. खानगाव थडी या गावाच्या नावातली थडी तीच.

आधी पत्ता, कारण दोनदा माणसं भलतीकडे पोहोचली आहेत. नांदूर नाका नाशिक शहरात आहे. नांदूर शिंगोटे सिन्नर तालुक्यात, पुणे रस्त्यावर. आपलं नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी. नाशिकहून संभाजीनगर रस्त्याने चांदोरीला येऊन सायखेड्यावरून चापडगाव गाठता येतं, नाहीतर निफाडला येऊन खानगाव थडीकडे वळायचं. चापडगावला निरीक्षण मनोरा आहे, वनखात्याचं माहिती केंद्र आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

आता हवा. आमच्याकडची हवा हे अर्धं कारण आहे इथे येण्याचं. सह्याद्रीची भिंत पावसाचा मोठा घास आधीच घेते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, निफाडला त्याचा पाचवा हिस्सा मुश्किलीने. त्यामुळे श्रावणातही आमच्याकडे कपडे वाळतात. मुंबईहून आलेल्या माझ्या नणंदेला याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटलं होतं. उन्हाळ्यात दुपार तापते, पण रात्री नदीकडून वारा सुटतो आणि अंगणात गोधडी लागते. हिवाळ्याचं तर विचारूच नका. महाराष्ट्रातल्या सगळ्यात कमी तापमानाची बातमी आली की त्यात बहुतेक वेळा निफाड असतंच, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात त्याची नोंद होते. आभाळ निरभ्र, जमीन सपाट, दोन नद्यांचं खोरं. रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि गार हवा खाली साचून बसते. पहाटे नदीवर धुक्याची अशी दाट साय धरते की पलीकडचा काठ दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतात.

आणि त्या आवाजांसाठीच यायचं.

इथला नदीवरचा बंधारा इंग्रजांच्या काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. शंभर वर्षांत दोन नद्यांनी आणलेला गाळ त्याच्यामागे साचत गेला. धरण गाळाने भरलं, निकामी झालं, आणि त्या उथळ पाण्यात बेटं तयार झाली, पाणकणीस वाढलं, शेवाळ आलं, गोगलगायी आल्या, मासे आले. मग पक्षी आले. डॉ. सलीम अली इथे येऊन गेले आणि तेव्हापासून याला, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. १९८६ साली अभयारण्य झालं, सुमारे १०० चौरस किलोमीटरचं. पुढे रामसर यादीत नाव लागलं. पाणथळ जागा जपण्यासाठी इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली जो करार झाला, त्याची ही यादी. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली पहिली जागा आमची. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर.

मला या धाग्यातून मनापासून एकच सांगायचं आहे. हे ठिकाण "पॉइंट" बघत फिरायचं नाही. एका काठावर बसायचं आणि पाणी बघायचं. बाकी तुम्ही लिहा.

रानवाटा

छान धागा. मी नाशिकचाच, वीसेक वर्षं दर हिवाळ्यात तिथे जातो. नवीन माणसांसाठी थोडं लिहितो.

पक्ष्यांची नावं पाठ करून जाऊ नका. आधी पाणी किती खोल आहे ते बघा, मग कोण कुठे बसलाय ते आपोआप कळायला लागतं. जिथे नुसता ओला चिखल आहे तिथे तुतवार आणि टिटव्या. पाणी घोटाभर झालं की शेकाट्या दिसेल, लांब गुलाबी काड्यांसारखे पाय, काळे पंख. त्याच्या थोडं पुढे चमचा. त्याची चोच पुढून चपटी, तव्यावरच्या उलथन्यासारखी. ती अर्धवट उघडी ठेवून तो पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो, चोचीला काही लागलं की ती चट्कन मिटतो. हे एकदा नीट पाहिलं की माणूस अर्धा तास हलत नाही.

पाणी गुडघाभर झालं की बदकं. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद, आणि तिच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात; पाणी गाळून तो बारीक जीव खातो. दहा-बारा थापटे एकमेकांच्या मागे गोल गोल फिरताना दिसले तर समजा, खालचा गाळ ढवळून वर आणणं चालू आहे. तलवार बदक शेपटी आभाळाकडे करून उलटं होतं आणि मान पोहोचेल तिथलं खातं. म्हणजे त्याची मान जेवढी लांब, तेवढंच खोल पाणी त्याच्या कामाचं. याहून खोल पाण्यात लालसरी आणि पाणकावळे, हे बुडी मारणारे.

मुख्य गोष्ट म्हणजे हे सगळे एका नजरेत दिसतात. मोठ्या धरणांवर असं होत नाही, कारण तिथे काठ एकदम उतरतो. नांदूरला चिखलापासून खोल पाण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या आहेत. ज्याला थडीची लेक ताई गाळ म्हणतात, त्याच गाळाने या पायऱ्या बांधल्या.

ऑक्टोबरपासून पाहुणे उतरायला लागतात. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात भरलेला. पट्टकादंब हंस बघायचेच. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. तिबेट, लडाख, मंगोलियाकडे यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते आपल्याकडे येतात. चक्रवाक तर लांबूनच ओळखू येतो, भाजलेल्या विटेच्या रंगाचा, जवळजवळ कायम जोडीने.

पाटकरी

नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीची बरीच वर्षं याच पाण्याच्या मागे गेली. ताईंनी फार जिव्हाळ्याने लिहिलं आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नये.

धरण निकामी झालं असं लिहिलंत. नांदूरमध्यमेश्वर हे साठवणुकीचं धरण म्हणून बांधलंच नव्हतं. तो वळण बंधारा आहे. नदीचं पाणी अडवून उंचीला आणायचं आणि दोन्ही बाजूंच्या कालव्यांत घालायचं, एवढंच त्याचं काम. साठा वर दारणा धरणात. तेही त्याच काळातलं, १९१६ साली पूर्ण झालेलं. दारणेत साठवायचं, नदीतून सोडायचं, नांदूरला वळवायचं, आणि गोदावरी उजव्या व डाव्या कालव्यातून कोपरगाव, राहात्याकडे न्यायचं. ही रचना शंभर वर्षांनंतर आजही चालू आहे. नंतर वरच्या बाजूला गंगापूर धरण झालं, कादवेवर करंजवण आणि पालखेड झाली. या सगळ्यांचं पाणी शेवटी नांदूरवरून पुढे जायकवाडीकडे जातं.

आता याचा पक्ष्यांशी संबंध. कालव्यात पाणी शिरायचं तर बंधाऱ्यामागे पाण्याला एक ठरावीक उंची लागते. म्हणून इथलं पाणी साठवण धरणासारखं पावसाळ्यात भरून मे महिन्यात तळाला जात नाही. उथळ, पण बरेच महिने टिकणारं पाणी. गाळाने पायऱ्या बांधल्या हे रानवाटांचं म्हणणं खरं, पण त्या पायऱ्यांवर पाणी राहतं ते कालव्यांमुळे.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने धरणातून सोडायचं पाणी, सुटलं की इथलं पाणी वर-खाली होतं. वरून पाणी आलं की एका दिवसात चिखलाची पट्टी बुडते. काल जिथे शंभर पक्षी दिसले तिथे आज एकही नसतो, कारण त्यांच्या पायाखालची पायरी पाण्यात गेली. ते कुठे जात नाहीत, दुसऱ्या काठाच्या उथळात सरकतात. म्हणून निघण्याआधी गावातल्या वाटाड्याला फोन करून आवर्तन चालू आहे का एवढं विचारावं. माझ्या माहितीत पर्यटकांपैकी कुणी हे विचारत नाही.

थडीची लेक

काका, राग कसला! मी लहानपणापासून "गाळाने भरलेलं धरण" हेच ऐकत आले. वळण बंधारा हा शब्द आमच्या घरात कधी आलाच नाही. वडील मात्र "पाणी सुटलंय, आज चिखलाकडे जाऊ नका" असं म्हणायचे, त्याचा अर्थ आज लागला.

दोन पिल्लांची आई

ठाण्याहून येतोय, ७ आणि १० वर्षांची मुलं आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. जमेल का? खाण्यापिण्याचं काय? दुर्बीण घ्यावी लागेल का?

थडीची लेक

नक्की जमेल. आदल्या दिवशी नाशिक किंवा निफाडला मुक्काम करा आणि सकाळी साडेसहापर्यंत पोहोचा. काठाकाठाने सपाट चालणं आहे. आजींना मनोऱ्यावर चढवू नका, खाली काठालाच खुर्ची टाकून द्या, तिथूनही भरपूर दिसतं. दुर्बीण विकत घ्यायची गरज नाही. गावातल्या तरुण मुलांना वाटाडे म्हणून तयार केलेलं आहे, त्यांच्याकडे दुर्बिणी असतात. वाटाड्या नक्की घ्या. एक तर तो तुम्हाला दाखवेल, आणि दुसरं म्हणजे त्याच्या घरात या पक्ष्यांमुळे पैसा आला तर गाव हे पक्षी जपेल. जेवण गावात सांगितलं तर घरगुती मिळतं, पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. जानेवारीत आलात तर हुळा, म्हणजे जाळावर भाजलेला ओला हरभरा, खायला घालायला सांगा. मुलांची बोटं आणि तोंडं काळी होतील, होऊ द्या.

कानटोपी, मोजे, स्वेटर विसरू नका. ठाण्याच्या थंडीचा अंदाज इथे चालत नाही. आणि भडक पांढरे, लाल कपडे नकोत.

सायखेडकर

बराच वेळ वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितो.

मी सायखेड्याचा. तुम्ही सगळे गाळाचं कौतुक करताय आणि मला २०१६ चा ऑगस्ट आठवतोय. रात्रीतून बाजारपेठेत पाणी. आमच्या दुकानात माझ्या छातीच्या वर पाणी होतं. २०१९ ला पुन्हा तेच. चांदोरीची तीच गत. नदी वरून येते, पुढे तिला जायला जागा नसते, पाणी फुगून मागे आमच्या घरात शिरतं. आमच्या गावात लहान पोरगंही सांगेल की नांदूरचा गाळ काढा. वर शहराकडून जलपर्णी वाहून येते ती वेगळीच. ती पुलाला अडकते आणि पूलच बांध होऊन बसतो.

पक्षी मलाही आवडतात. माझे आजोबा मला नावेतून घेऊन जायचे. पण प्रत्येक वेळी कुणी "या गाळामुळेच तर" असं म्हणतं तेव्हा आमच्या भिजलेल्या पोत्यांचा हिशोब कुणी धरत नाही. तेवढं म्हणायचं होतं.

थडीची लेक

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी वरच्या लेखात पुराचं एक अक्षर लिहिलं नाही, ही माझीच चूक. आमचं घर उंचावर आहे, आमच्या उंबऱ्याला कधी पाणी लागलं नाही, म्हणून कदाचित सुचलं नसेल. २०१९ ला माझी मावशी तुमच्याच गावात चार दिवस शाळेत राहत होती. मला हे सुचायला हवं होतं.

पाटकरी

सायखेडकर, तुमचं दुःख मी जवळून पाहिलेलं आहे. त्या दोन्ही पुरांच्या वेळी वर गंगापूर, दारणा, पालखेड या सगळ्या बाजूंनी एकाच वेळी पाणी येत होतं आणि चांदोरी-सायखेडा नेमकं त्या सगळ्याच्या तोंडाशी. गाळ आणि जलपर्णी त्यात भर घालतात हे खरं आहे.

पण "गाळ काढा" म्हणजे नक्की कुठला, यावर बोलायला हवं. नदीचा मुख्य प्रवाह जिथून वाहतो ती नळी मोकळी ठेवणं वेगळं, आणि दोन्ही अंगाची उथळ बेटं खणून काढणं वेगळं. पूर वाहून जातो तो मुख्य प्रवाहातून. पुलाच्या मोऱ्या पावसाळ्याआधी मोकळ्या झाल्या, वरची जलपर्णी मे महिन्यातच काठाला काढली, तर त्याचा तुम्हाला फायदा होईल आणि पक्ष्यांचं नुकसान होणार नाही. हे माझं मत आहे, खात्याचं नव्हे.

रानवाटा

जलपर्णीबद्दल पाटकरी काकांशी शंभर टक्के सहमत. तिचा पक्ष्यांनाही त्रासच आहे. लोकांना वाटतं हिरवं दिसतंय म्हणजे चांगलं. तसं नाही. जलपर्णीचा गालिचा पसरला की खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातली वनस्पती मरते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे जातात. थापट्या, तलवार बदक यांना उघडं पाणी लागतं. तिच्यावर मजेत चालतात ते कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या, पण सगळे पक्षी तेवढेच नसतात. आणि जलपर्णी माजते ती शहराच्या सांडपाण्यावर. म्हणजे नाशिकला आम्ही जे नदीत सोडतो ते सायखेडकरांच्या पुलाला अडकतं. शहरवाल्यांनी हे आधी कबूल करायला हवं, मीही त्यात आलो.

बागाईतदार

मी द्राक्षवाला. थंडीचं कौतुक वाचून दुसरी बाजूही सांगावीशी वाटली.

तुम्हाला धुकं दिसतं तेव्हा आम्ही रात्रभर जागे असतो. पारा फार खाली गेला की घडांची फुगवण थांबते, मणी तडकतात. मग पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर धरून ठेवायचा. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ते बागेला सोडायचं. कधी निफाडच्या बाजूला पहाटे साडेचार-पाचला आलात आणि शेतात रांगेने जाळ दिसले तर ते काय आहे ते आता तुम्हाला कळेल. लांबून फार देखणं दिसतं. त्या जाळाशी आमची वर्षाची कमाई उभी असते.

क्रौंच आणि हंस पहाटे आमच्या हरभऱ्यात, गव्हात उतरतात. नुकसान होतं, नाही असं नाही. पण माझ्या वडिलांनी कधी फटाके लावले नाहीत आणि मीही लावत नाही. सहाशे-सातशे पक्षी एकदम शेतातून उठतात ना, तो आवाज ज्याने ऐकला त्याला ते जमत नाही.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. ऊस आहे म्हणजे बिबट्या आहे. निफाड तालुक्यात हे आता नेहमीचं झालंय. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नका, लहान मुलांना गाडीच्या मागे-पुढे सोडू नका. सूर्यास्ताचे फोटो काढा आणि उजेड असेतोवर रस्त्याला लागा.

ओली माती

सगळे हिवाळ्याबद्दलच बोलताय. मी जुलैत गेले होते आणि मला तेही तितकंच आवडलं. गर्दी नाही. बाभळींवर बगळ्यांची, ढोकरीची घरटी, खाली सगळीकडे चुन्यासारखा पांढरा सडा. कमळपक्ष्याची लांब शेपूट त्याच दिवसांत असते, हिवाळ्यात ती झडलेली असते. अंडी नर उबवतो आणि पिल्लांना सांभाळतोही तोच. हे वाटाड्याने सांगितलं तेव्हा माझ्या मुलीने वडिलांकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

उघड्या चोचीचा करकोचाही पावसाळ्यात भरपूर. मिटलेल्या चोचीच्या मध्ये फट राहते, त्यामुळे गोगलगाय धरायला सोपं जातं. फक्त रस्ते निसरडे असतात आणि गंगेला पाणी आलं असेल तर जाऊच नये.

जुना वाडा

देवळांचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून. गावाच्या नावातलं मध्यमेश्वर हे महादेवाचं देऊळ आहे. तिथेच मृगव्याधेश्वरही आहे. आमच्याकडे सांगतात की पंचवटीतून रामाने सोन्याच्या हरणाचा पाठलाग केला, तो इथवर आला आणि बाण इथे लागला. चांदोरीला नदीच्या पात्रातच जुनी दगडी देवळं आहेत. एरवी पाण्यात असतात, बंधाऱ्याचं पाणी उतरलं की वर येतात. ती बघायला मिळणं हा नशिबाचा भाग. आपल्या आयुष्यात आठ-दहा वेळा मिळालं तरी पुष्कळ.

रानवाटा

एक गोष्ट राहिली आणि ती लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मागच्या जानेवारीत काठावर एक गट आला होता. गाडीची दारं उघडी, गाणी मोठ्याने. त्यातल्या एकाने ड्रोन सोडला. समोर पाण्यात सकाळपासून निवांत बसलेले दोनेक हजार पक्षी एका क्षणात उठले. तो म्हणाला, "बघा काय भारी शॉट मिळाला." वाटाड्या पोराने हात जोडून सांगितलं तेव्हा त्यांनी ड्रोन उतरवला, पण ते पक्षी त्या दिवशी परत त्या जागी आले नाहीत.

हे पक्षी इथे सुट्टी घालवायला येत नाहीत. मार्चमध्ये हजारो किलोमीटर परत जायचंय, त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. एकदा उगीच उडवलं की त्यातली थोडी शिदोरी संपते. दिवसातून चार गट असे आले तर? गाणी घरी ऐका. ड्रोन अभयारण्यात चालत नाही. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून घिरट्या घालत जातो तेव्हाही सगळे उठतात, पण तो निघून गेला की पाच मिनिटांत परत बसतात. त्यांना त्याची सवय आहे. आपली नाही.

दोन पिल्लांची आई

आम्ही जाऊन आलो! सविस्तर लिहिते नंतर, पण आधी सगळ्यांचे आभार. आजींना काठावर खुर्ची दिली होती. त्यांना दुर्बिणीतून काही नीट दिसेना, शेवटी त्यांनी ती बाजूला ठेवली आणि नुसत्या बसून राहिल्या. निघताना म्हणाल्या, "वसईला आमच्या लहानपणी असे आवाज यायचे." मोठ्याने चमचा ओळखला, धाकट्याने चौदा वेळा शेकाट्या म्हटलं. वाटाड्याला आवर्तनाचं आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" पाटकरी काका, हे तुमच्यासाठी.

थडीची लेक

काल मी आईला घेऊन गेले होते. ती आता सत्तरीची आहे. नदीपासून दोन किलोमीटरवर राहते, पण कित्येक वर्षांत पहाटेची काठावर गेली नव्हती. धुकं इतकं होतं की तासभर काहीच दिसलं नाही. मी अस्वस्थ झाले, तिला थंडीत उगाच आणलं असं वाटायला लागलं. ती मात्र शाल घट्ट करून ऐकत होती. "हे चांदवे. हा खंड्या. हे लांबचे हंस, आत्ता गव्हातून येतील." आठच्या सुमाराला धुकं फाटलं आणि खरंच, आधी आवाज मोठा झाला आणि मग ते आमच्या डोक्यावरून पाण्याकडे उतरले. तीस-पस्तीस असतील. पंखांचा वारा ऐकू येत होता.

तिने नावं कुठून शिकली ते मी कधी विचारलंच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा पहाटे गंगेवर धुणं घेऊन जायची. सासूबाई शेजारी बसून एकेक आवाज ओळखायला लावायच्या, थंडीचा विसर पडावा म्हणून. परत येताना तिने मला वाटेत तीन जागा दाखवल्या जिथे पूर्वी नदी होती आणि आता गवत आहे. एक जागा दाखवली जिथे पूर्वी शेत होतं आणि आता पाणी आहे.

पुढच्या शनिवारी पुन्हा जाते आहे. साडेसहाला चापडगावच्या मनोऱ्यापाशी असेन. सायखेडकर दादांशी बोलणं झालं, तेही येत आहेत, आणि पुलाकडच्या जलपर्णीचे फोटो घेऊन येणार आहेत. पाटकरी काका, तुम्हाला जमलं तर या, ती मुख्य प्रवाहाची नळी नक्की कुठून जाते ते आम्हाला काठावर उभं राहून दाखवा. माझ्याकडे एक दुर्बीण जास्तीची आहे. आई दशम्या देणार आहे, किती जण येणार ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच कळवा.